चांगली गाते, पण 'सिंग्ज गुड' नाही

परभणीत वसमत रोडच्या एका गल्लीत, घराच्या वरच्या खोलीत मी बावीस वर्षांपासून इंग्रजीची शिकवणी घेतो. फळा एक, पंखा एक, सतरंज्या चार. आठवी ते बारावीची पोरं येतात, मधूनच एखादा बँकेच्या परीक्षेचा. ॲडव्हर्बची व्याख्या विचारा, निम्म्यांना तोंडपाठ. क्रियेबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द तो ॲडव्हर्ब. मग म्हणावं, लिहा एक वाक्य. वहीत येतं, "माय सिस्टर सिंग्ज गुड."

मागच्या पावसाळ्यात नववीतल्या एका पोरीनं हेच लिहिलं. मी 'गुड'वर काट मारून वर 'वेल' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन परत आली. "सर, माझी बहीण चांगली गाते. चांगली म्हंजे गुडच की. चुकलं कुठं?"

मी ठरलेलं उत्तर दिलं, गुड विशेषण आहे, इथं क्रियाविशेषण पाहिजे. ती म्हणाली, "मराठीत तर दोन्हीकडं चांगलीच म्हणायलो की आपण."

त्या दिवशी वेळ मारून नेली, पण रात्री जेवताना तेच डोक्यात. पोरगी बरोबर बोलली होती. तो चांगला गातो, ती चांगली गाते, पोरं चांगली गातात. 'चांगला' काम करतोय क्रियापदाचं आणि कपडे घातलेत कर्त्याचे. व्याकरणाचं पुस्तक क्रियाविशेषणाला अव्यय म्हणतं, म्हणजे न बदलणारं. पण आपल्या बोलण्यात अर्धी कामं विशेषणंच उरकतात आणि लिंग-वचन बघून बदलतातही. त्यामुळं मराठी पोराच्या कानाला विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला फरक टोचतच नाही. इंग्रजी मात्र दर वाक्याला विचारते, हा शब्द नामाचा की क्रियापदाचा? तेवढं ठरवा आणि मग पुढं चला.

त्या दिवसापासून मी व्याख्येनं सुरुवात करणं सोडलं. आता ज्या क्रमानं शिकवतो, तोच इथं मांडतो. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितो, वर्गातही आधी तसंच करतो. स्पेलिंगची धास्ती बाजूला राहते आणि शब्द कुठं बसलाय ते नीट दिसतं.

आधी क्रियापदावर बोट ठेवा

वाक्य मराठीत लिहा. क्रियापदावर बोट ठेवा. आता त्यालाच विचारा: कसं? कुठं? कधी? कितीदा? ज्या शब्दानं उत्तर येईल तो ॲडव्हर्ब, किंवा ॲडव्हर्बचं काम करणारा शब्दांचा गट.

"म्हैस काल गोठ्यात गुमान उभी होती." बोट 'उभी होती'वर. कशी? गुमान, 'क्वाएटली'. कुठं? गोठ्यात, 'इन द शेड'. कधी? काल, 'यस्टरडे'. 'इन द शेड' हा एक शब्द नाही, तीन आहेत, पण काम तेच. म्हणून पुस्तकात त्याला ॲडव्हर्ब फ्रेज म्हणतात. नावाची चिंता करू नका.

आता "ती चांगला स्वयंपाक करते" घ्या. इथं 'चांगला' कुणाला चिकटलाय? स्वयंपाकाला. म्हणून "शी कुक्स गुड फूड", गुड बरोबर. आणि "ती चांगली शिवते" यात नाम उरलंच नाही, चांगली ही शिवण्याची रीत. म्हणून "शी स्टिचेस वेल". त्या पोरीला मी हीच दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून दिली. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "मंग असं सांगायचं की आधी."

एक गोष्ट इथंच. ॲडव्हर्ब या लॅटिनवरून आलेल्या नावाचा अर्थ 'क्रियापदाला लागलेला', पण तो फक्त क्रियापदाला लागत नाही. विशेषणाला लागतो, दुसऱ्या ॲडव्हर्बलाही लागतो. "चहा लई गोड झाला" यातलं 'लई' गोडाला चिकटलंय, ते झालं 'व्हेरी'. "लई हळू चालतो" यात ते 'हळू'ला चिकटलंय. तेव्हा पाचवा प्रश्न धरा: कितपत? आपल्याकडं त्याचं उत्तर 'लई' असतं नाहीतर 'एकदम', 'बिलकुल'. हे शेवटचे दोन फारसी-अरबीकडून आलेले. निजामाच्या राज्यात माझे आजोबा उर्दूतून शिकले, त्यांच्या तोंडी 'बिलकुल' असा बसला होता की आजीसुद्धा भाकरी नको असली की "बिलकुल नको" म्हणायची. 'नॉट ॲट ऑल' शिकवताना मला दरवेळी तीच आठवते.

एल-वायच्या भरवशावर राहू नका

आपण 'शांत'ला 'पणे' लावून शांतपणे करतो, 'काळजी'ला 'पूर्वक', 'जोर'ला 'आनं'. इंग्रजीत विशेषणाला बहुतेक वेळा एल-वाय लागतं. स्लो-स्लोली, क्लिअर-क्लिअरली. स्पेलिंगचे खाचखळगे थोडेच आहेत. हॅपीच्या शेवटच्या वायचा आय होतो. जेंटलमधला ई जातो, ट्रूमधलाही जातो, पण सेफमधला राहतो. केअरफुलचं केअरफुली करताना एल दोन होतात, पोरं हमखास एकच लिहितात. बेसिकचं बेसिकली करताना मधे ए-एल घुसतात, पब्लिकचं पब्लिकली करताना घुसत नाहीत. याला इलाज नाही, पाठ करा.

खरी गंमत पुढं आहे. एल-वाय दिसलं की ॲडव्हर्ब, असं पोरं धरून चालतात. मग 'फ्रेंडली'चं काय? 'लव्हली', 'लोनली', 'कॉस्टली'चं काय? ही सगळी विशेषणं आहेत. "ही स्पोक टू मी फ्रेंडली" चालत नाही. "ही स्पोक टू मी इन अ फ्रेंडली वे" म्हणावं लागतं. आणि 'डेली', 'वीकली', 'अर्ली' दोन्हीकडं चालतात.

याचं कारण मला स्वतःला उशिरा कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं, म्हणून सांगतो. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'लिक' असा शब्द होता, अर्थ शरीर, रूप. आजचा 'लाइक', म्हणजे 'सारखा', हा त्याच कुळातला. मित्रासारखा तो फ्रेंडली. याच 'लिक'पासून विशेषणाचा एक प्रत्यय निघाला आणि त्याला शेवटी ई लावून क्रियाविशेषणाचा दुसरा. पुढं शेवट झिजले आणि दोन्ही येऊन एकाच एल-वायवर थांबले. जुळी भावंडं, एकाच रंगाचा सदरा.

त्या काळी नुसता ई लावूनही क्रियाविशेषण होत असे. 'फास्ट', 'हार्ड' ही त्यातलीच. त्यांचाही ई झिजला आणि विशेषण नि क्रियाविशेषण दिसायला एकच उरलं. म्हणून "ही रन्स फास्ट". 'फास्टली' असा शब्दच नाही, कितीही ओठावर आला तरी. 'लेट', 'अर्ली', 'हाय', 'स्ट्रेट' हेसुद्धा जसेच्या तसे वापरायचे.

आता 'हार्डली' आहे ना, असं कुणीतरी विचारतंच. आहे, पण त्याचा हार्डशी अबोला आहे. हे शिकवायला मला मराठवाड्याच्या पावसाइतकं चांगलं उदाहरण सापडलं नाही. २०१५ च्या पावसाळ्यात, "इट हार्डली रेन्ड." पाऊस पडल्यासारखा पडलाच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, "इट रेन्ड हार्ड." शेतं पाण्याखाली गेली, सोयाबीन जागेवर सडलं. शब्द दोन अक्षरांनी वेगळे, पण एका वाक्यात कोरडा दुष्काळ आणि दुसऱ्यात ओला. हे फळ्यावर लिहिल्यापासून माझ्याकडं हार्ड-हार्डलीची चूक जवळजवळ बंद झाली. शेतकऱ्याची पोरं आहेत, पाऊस विसरत नाहीत.

'हार्डली'मध्ये नकार आधीच मुरलेला असतो, म्हणून त्याच्याबरोबर 'नॉट' घालू नका. अशा जोड्या आणखी आहेत. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडं. 'निअर' जवळ, 'निअरली' जवळपास, म्हणजे पोचायला थोडं कमी. 'शॉर्टली' म्हणजे थोड्याच वेळात.

जागा: मराठी वाक्याचा आरसा

कोणता शब्द हे जमलं की खरी अडचण सुरू होते, कुठं बसवायचा? मराठीत क्रियापद शेवटी असतं आणि बाकीचे शब्द जत्रेतल्यासारखे कुठंही उभे राहिले तरी अर्थ लागतो. काल आज्जी भांडली, आज्जी काल भांडली, भांडली काल आज्जी. प्रत्ययांनी नाती सांभाळलेली असतात. इंग्रजीत नाती जागेवरून कळतात.

पुस्तकात नियम असतो: आधी रीत, मग ठिकाण, मग वेळ. पोरं तो पाठ करतात आणि परीक्षेत विसरतात. मी आरसा दाखवतो. सरळ मराठी वाक्य घ्या:

आज्जी काल बाजारात मोठ्यानं भांडली.

आता कर्ता तसाच ठेवून बाकीचं शेवटाकडून उलटं वाचा. भांडली, मोठ्यानं, बाजारात, काल. "ग्रॅनी क्वॉरल्ड लाउडली इन द मार्केट यस्टरडे." झालं इंग्रजी. जादू काही नाही. दोन्ही भाषांत रीत क्रियापदाला सगळ्यात जवळ असते, ठिकाण त्याच्या पलीकडं आणि वेळ सगळ्यात लांब. क्रियापद तेवढं मराठीत उजवीकडं आहे, इंग्रजीत डावीकडं.

जाण्या-येण्याच्या क्रियापदांना हा नियम लागत नाही, तिथं ठिकाण आधी येतं, असा अपवाद पुस्तकात असतो. आरशाला तो अपवाद वेगळा सांगावा लागत नाही. "भाऊ काल बसनं नांदेडला गेला." आपण स्वतःच नांदेडला 'गेला'च्या शेजारी बसवतो. उलटं वाचा: गेला, नांदेडला, बसनं, काल. "माय ब्रदर वेंट टू नांदेड बाय बस यस्टरडे."

पण आरसा एके ठिकाणी तडकतो, ते आधीच सांगून ठेवतो. कर्म आलं की. "ती इंग्रजी चांगलं बोलते" हे उलटं वाचलं तर "शी स्पीक्स वेल इंग्लिश" होतं आणि ते चुकीचं. इंग्रजी क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामधे कुणाला शिरू देत नाही. आधी दोघांना शेजारी बसवा, मग ॲडव्हर्ब. "शी स्पीक्स इंग्लिश वेल." तसंच "मला पुरणपोळी खूप आवडते." इथं पोरं 'आय व्हेरी लाइक' करतात, कारण खूप म्हणजे व्हेरी असं पक्कं बसलेलं. 'व्हेरी' क्रियापदाला एकट्यानं लागत नाही. "आय लाइक पुरणपोळी व्हेरी मच." पुरणपोळीचं इंग्रजी करत बसू नका.

आता ऑलवेज, युज्वली, ऑफन, सेल्डम, नेव्हर ही मंडळी. कितीदा या प्रश्नाची उत्तरं. यांची जागा वेगळी, वाक्याच्या मधोमध. माझ्या वर्गात यांना पाहुणे म्हणतात. साध्या क्रियापदाच्या घरी पाहुणा ओसरीवर बसतो, म्हणजे क्रियापदाच्या आधी. "माय अंकल ऑलवेज कम्स लेट." ॲम-इज-आर-वॉज-वेअरच्या घरी तो आतल्या खोलीत जातो, म्हणजे नंतर. "माय अंकल इज ऑलवेज लेट." आणि क्रियापद दोन खणी असेल, हॅज कम, विल गो, तर पाहुणा पहिल्या खणाच्या मागं, दुसऱ्याच्या पुढं. "ही हॅज ऑलवेज कम लेट." ऑफन, युज्वली, समटाइम्स अधूनमधून वाक्याच्या तोंडाशीही येतात, त्यांना माफ आहे. 'एव्हरी डे' मात्र मधे घुसवू नका, ते शेवटी.

इथं आमच्या भागातली एक खास चूक होते. आपण म्हणतो, "मी रोज कॉलेजला जायलो." हे 'जायलो' कानाला 'जात आहे'सारखं, म्हणून पोरगं लिहितं, "आय ॲम डेली गोइंग टू कॉलेज." बोलीत काही वाईट नाही, मी स्वतः घरी तसंच बोलतो. पण रोजची गोष्ट असेल तर इंग्रजीत साधा वर्तमानकाळ आणि ॲडव्हर्ब शेवटी. "आय गो टू कॉलेज एव्हरी डे."

आणि नेव्हर. "मी कधीच तंबाखू खात नाही" यात 'कधीच' आणि 'नाही' दोन्ही लागतात. इंग्रजीत नेव्हरनं नॉट गिळलेला असतो. "आय नेव्हर इट टोबॅको." वर आणखी 'डोंट' घातला की तोल गेला.

च, फक्त आणि ओन्ली

मराठीचा 'च' ही फार मोठी सोय आहे. मीच दिले, पन्नासच दिले, त्यालाच दिले. ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या शेपटीला च बांधायचा, जागा हलवायची गरज नाही. इंग्रजीकडं च नाही, ओन्ली आहे, आणि त्याला चालत जाऊन योग्य शब्दाच्या पुढं उभं राहावं लागतं. "ओन्ली आय गेव्ह हिम फिफ्टी रुपीज", मीच दिले, दुसऱ्या कुणी नाही. "आय गेव्ह हिम ओन्ली फिफ्टी रुपीज", पन्नासच दिले. "आय गेव्ह ओन्ली हिम फिफ्टी रुपीज", त्यालाच दिले. बोलताना इंग्रज लोकही ओन्ली क्रियापदाजवळ ठेवून आवाजावर भागवतात, पण लिहिताना आवाज नसतो.

उलट चूकही आहे. "मी इथंच आहे" याचं "आय ॲम हिअर ओन्ली" आणि "आजच देतो"चं "टुडे ओन्ली". मराठीचा च नुसता ताणासाठी असतो तेव्हा ओन्ली लावायचा नसतो. 'इथंच'ला "राइट हिअर" म्हणा. 'आजच'ला नुसतं 'टुडे' पुरतं.

टू: माझीच फजिती

शिकवणी सुरू करण्याआधी मी नोकरीसाठी अर्ज करत फिरत होतो. एका संस्थेनं निवड झाल्याचं तोंडी कळवलं आणि संमतीपत्र मागितलं. मी रात्र जागून इंग्रजीत पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य, "आय ॲम टू हॅपी टू जॉइन युवर एस्टीम्ड इन्स्टिट्यूशन." मला म्हणायचं होतं, फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी पत्र पुढं सरकवलं आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, रिमूव्ह टू करून दाखवा."

बोर्डाचा पेपर दिलेल्याला 'रिमूव्ह टू' म्हणजे काय ते सांगायला नको. टू...टू काढायचं, सो...दॅट...कॅनॉट घालायचं. मी उभ्या उभ्या केलं. "आय ॲम सो हॅपी दॅट आय कॅनॉट जॉइन." मला इतका आनंद झालाय की मी रुजू होऊ शकत नाही. दहावी-बारावीत हा प्रश्न मी शंभर वेळा सोडवला असेल, मार्क पूर्ण. पण तो प्रश्न वेगळा आणि आपण लिहितो ते वेगळं, असा डोक्यात कप्पा होता. (नोकरी त्या वाक्यानं गेली नाही. दुसऱ्या कारणानं गेली, ते जाऊ द्या.)

तेव्हा 'व्हेरी' म्हणजे लई. 'टू' म्हणजे नको इतकं, काम बिघडेल इतकं. "द टी इज व्हेरी हॉट", चहा चांगला कडक गरम आहे, प्या. "द टी इज टू हॉट", जीभ भाजेल, थांबा. 'ओन्ली टू हॅपी' मात्र पुन्हा चांगल्या अर्थाचं, म्हणजे अगदी आनंदानं. मुख्याध्यापकांपुढं हे आठवलं असतं तर एक शब्द घालून सुटलो असतो.

'इनफ' विशेषणाच्या मागं जातं. 'पुरेसा मोठा' म्हणतो म्हणून 'इनफ बिग' नाही, 'बिग इनफ'. नामाच्या मात्र पुढंच, 'इनफ वॉटर'.

आंबा गोडपणे लागत नाही

'वेल' शिकलेलं पोरगं मग सगळीकडं एल-वाय लावत सुटतं. "द मँगो टेस्ट्स स्वीटली." आंबा काही करत नाहीये, त्याची स्थिती सांगितली जातेय. टेस्ट, स्मेल, लुक, फील, साउंड, यांच्या जागी इज घालून बघा. "द मँगो इज स्वीट" जमतंय? मग विशेषणच ठेवा, "द मँगो टेस्ट्स स्वीट." "मावशी रागावलेली दिसली" हे "आंटी लुक्ड अँग्री." पण "मावशीनं रागानं माझ्याकडं बघितलं" यात मावशी खरोखर डोळे वटारतेय, ती क्रिया आहे, म्हणून "आंटी लुक्ड ॲट मी अँग्रिली."

खुदकन, धपकन, हळूच

मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे आणि परीक्षेत यावर एकही मार्क नाही.

मराठीकडं आवाजाची आणि वेगाची क्रियाविशेषणं पोत्यानं आहेत. खुदकन हसली, धपकन पडला, झटकन उठला, टक लावून बघितलं, हळूच डोकावलं, लंगडत चालला. आपलं क्रियापद साधं असतं, हसणं, पडणं, बघणं, आणि सगळी चव क्रियाविशेषणात. एकदा बारावीच्या एका पोरानं 'खुदकन हसली'साठी "शी लाफ्ड सडनली अँड लाइटली" असं लिहून आणलं. व्याकरणात चूक नाही, पण हसू कुठं गेलं?

इंग्रजीची रीत उलटी. तिथं चव क्रियापदातच मुरवलेली असते. खुदकन हसणं 'गिगल'. टक लावून बघणं 'स्टेअर'. हळूच डोकावणं 'पीप'. लंगडत चालणं 'लिंप'. झटकन उठणं 'स्प्रिंग अप'. तोंडातल्या तोंडात बोलणं 'मंबल'. तेव्हा मराठीतलं क्रियाविशेषण दिसलं की लगेच एल-वाय शोधू नका. आधी बघा, दोन्ही मिळून इंग्रजीत एकच क्रियापद आहे का. असलं तर ॲडव्हर्ब सोडून द्या. मी पोरांना वहीच्या मागच्या पानांवर अशा जोड्या गोळा करायला लावतो. घरी आजी बोलते ते ऐकायचं, टिपायचं आणि इंग्रजीत एक शब्द हुडकायचा. एकीनं 'फतकल मारून बसली' आणलं होतं. त्याला अजून मला मनासारखा शब्द सापडलेला नाही.

नो सूनर

बोर्डाच्या परीक्षेसाठी एवढं. नेव्हर, हार्डली, सेल्डम, नो सूनर असे नकारी ॲडव्हर्ब वाक्याच्या तोंडाशी आणले की सहायक क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढं येतं, प्रश्नात येतं तसं. "नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट." डिड आला की रँगचं रिंग होतं, इथं अर्धा वर्ग पडतो. आणि 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, अधिक लवकर, म्हणून पुढं 'दॅन'. 'हार्डली'त तुलना नाही, म्हणून तिथं 'व्हेन'. कारण कळलं की दोघांची अदलाबदल होत नाही. तुलनेचं बाकी सोपं आहे: फास्ट-फास्टर, केअरफुली-मोअर केअरफुली, आणि वेलचं बेटर.

रोजची पाच वाक्यं

माझ्याकडचा गृहपाठ असा. झोपण्याआधी आजच्या दिवसाची पाच वाक्यं मराठीत लिहायची, घरात बोलतो तशी. बाबा येरवाळीच शेतात गेले. पाणी बिगीबिगी भरून घेतलं. क्रियापदाखाली रेघ. पाचही प्रश्न त्याला विचारायचे, उत्तरांभोवती गोल करायचे. मग आरसा धरून इंग्रजी लिहायचं, कर्म असेल तर ते क्रियापदाला चिकटवायचं. शेवटी वाक्य मोठ्यानं वाचून एकेक ॲडव्हर्ब झाकून बघायचा. झाकल्यावर काहीच बिघडलं नाही तर तो खोडायचा. 'रिअली', 'ॲक्च्युअली', 'बेसिकली' हे तीन बहुतेक वेळा खोडले जातात.

काल रात्री वह्या तपासत होतो. त्या नववीच्या, आता दहावीत गेलेल्या, पोरीच्या वहीत चौथं वाक्य होतं, "माय ग्रँडमदर हार्डली स्लीप्स ॲट नाइट." माझा लाल पेन सवयीनं 'हार्डली'वर टेकला. वाटलं, गाढ झोपते म्हणायचं असेल. सकाळी तिला विचारलं, "आज्जी लई झोपती का गं?"

"नाही सर," ती म्हणाली, "रातभर जागीच असती. आजोबा गेल्यापासून."

मी वही परत दिली. लाल ठिपका तेवढा राहिला.